अकरा गावांचा एक माणूस

माझ्या नोकरीला आमच्या घरात कोणी गंभीरपणे घेत नाही. नवरा मला 'सरकारी शिक्क्याची कुडमुड्या जोशीण' म्हणतो आणि खरं सांगायचं तर ते फारसं चूक नाही. गावोगाव हिंडायचं आणि लोकांना विचारायचं, की पाच वर्षांनी तुमच्याकडे कुठल्या कामाला किती जाणती माणसं लागतील? त्या उत्तरांची बेरीज करून वर कळवायचं, की या तालुक्यात हा शिकवणीचा वर्ग चालू ठेवा, तो बंद करा. जोशाचं भविष्य चुकलं तर तो पुढच्या गावाला निघून जातो. माझं चुकलं तर एखाद्या वर्गाला कुलूप लागतं आणि ते मला पुण्यात बसून कळतसुद्धा नाही.

मी मूळची कोल्हापूरची. खानदेश म्हणजे ऊन, केळी आणि शेवभाजी एवढीच माझी माहिती. या थंडीत पाच दिवस जळगाव-धुळ्याकडे जाऊन आले आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला हीच गोष्ट सांगत सुटले आहे. आता लिहूनच काढते, म्हणजे घरचे सुटतील.

जळगाव

जळगावात उतरले आणि पहिल्या जेवणातच माझा कोल्हापुरी ताठा उतरला. आमचा तांबडा रस्सा दिसायला रागीट असतो, पण चार घास खाल्ले की समजूत पटते. इथली शेवभाजी दिसायलाच इतकी शांत की मी बेसावध राहिले. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा वाढणारा गृहस्थ मायेने म्हणाला, "ताई, आज जरा कमीच तिखट आहे."

दुसरी गोष्ट लक्षात आली ती आग्रहाची. आमच्याकडे पाहुण्याला आधी 'कुणाकडचे?' विचारतात, मग बसायला सांगतात. इथे आधी ताट येतं. प्रश्न हात धुतल्यावर, आणि तेसुद्धा तुमच्या आईबापांच्या तब्येतीचे. कामाचं बोलायला मी तोंड उघडलं की समोरचा पुन्हा भाकरी वाढायचा. पाच दिवसांत माझं वजन किती वाढलं ते मी मोजलेलं नाही.

रावेर

दुसऱ्या दिवशी फैजपूरवरून रावेरला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मागे सातपुडा, आणि ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर. प्रकाशभाऊंच्या शेडमध्ये घडांच्या फण्या सुट्या होत होत्या, तुरटीच्या पाण्यात पोहत होत्या आणि खोक्यांत बसून आखातात जायला निघत होत्या. प्रकाशभाऊ म्हणजे साठीचे, पांढऱ्या टोपीतले केळीवाले. मी तक्ता काढला तसे ते खूश झाले.

"लिहा ताई, तीस पोरं पाहिजेत, शिकलेले. आमचे पोरं पुण्याले गेले अन् इथं पॅकिंगले बंगालचे आले. त्यांची भाषा मले येत नाही, माझी त्यांले येत नाही. सगळा कारभार हातवाऱ्यावर."

तीस. असं उत्तर मला आवडतं. आकडा स्वच्छ, कारण स्वच्छ, रकाना भरला. निघताना त्यांनी एक अख्खी फणी माझ्या पिशवीत कोंबली आणि म्हणाले, "एवढं भविष्य पाहता, तर केळीचा भावही पाहून ठेवा." मी हसले. या जिल्ह्याचं काम दोन दिवसांत आटोपेल असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं होतं.

पारोळा

पारोळ्यात मला घ्यायला भूषण सर आले. चौतिशीतला सडसडीत माणूस, इस्त्रीचा शर्ट आणि त्यावर ग्रीसचा एक डाग. ते तिथल्या शिकवणी केंद्रात मोटार रिवाइंडिंग शिकवतात. विहिरीवरची, बोअरवरची मोटार जळते, तेव्हा तिच्या पोटातली तांब्याची जळकी तार काढून नवी भरावी लागते, ते काम. त्यांच्या वर्गात नऊ मुलं, त्यांत चार मुली. माझ्या पिशवीतल्या 'निर्णय व्हायचा आहे' या यादीत तो वर्ग तिसऱ्या नंबरवर होता. आसपासच्या गावांत या कामाला माणसं लागणार असतील तर वर्ग राहणार. नाही तर मार्चमध्ये बंद. भूषण सरांना हे माहीत होतं. तरीही दोन दिवस स्वतःच्या मोटारसायकलवर मला हिंडवायचं काम त्यांच्याकडेच आलं होतं, आणि त्याबद्दल ते एक शब्द बोलत नव्हते.

पहिल्याच गावात बापू नावाच्या शेतकऱ्याकडे गेलो. कापसाची वेचणी चालू होती, ओसरीवर छातीएवढा ढीग. चहा झाला, मुलाचं लग्न कसं जमलं ते झालं, मग मी विचारलं, "बापू, मोटार भरणारा माणूस गावाला आहे का?"

"शे ना. आमना माणूस शे." इकडच्या अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे' आणि 'आमना' म्हणजे 'आमचा'.

"आणि पाच वर्षांनी? नवीन कोणी लागेल?"

बापू जरासे दुखावल्यासारखे दिसले. "नवा कशाले? आमना माणूस शे ना."

मी लिहिलं. सध्या: एक. गरज: शून्य.

दुसऱ्या गावात तेच. तिसऱ्यात तेच. चौथ्या गावात एका आजींनी तर 'नवा' हा शब्द ऐकूनच तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा गावं झाली आणि अकराही ठिकाणी एक आणि शून्य. भूषण सर दर वेळी गाडीला टेकून दूर उभे राहायचे. मला त्यांच्याकडे बघवेना. एवढा नीटनेटका माणूस, आणि त्याच्या वर्गाची तिरडी मी स्वतःच्या अक्षरात बांधत चालले होते.

अकराव्या गावात फजिती झाली. तिथले शेतकरी नारायणभाऊ. त्यांना त्यांच्या माणसाचं कसब मला दाखवायचंच होतं. "पाहा तर खरं, काय मोटार भरेल शे," म्हणत त्यांनी बटण दाबलं. मोटार चालली, पण पाइपाचा सांधा सुटला आणि पाण्याची जी चिळकांडी उडाली ती थेट माझ्या तोंडावर आणि मांडीवरच्या तक्त्यांवर. नारायणभाऊ ओशाळे झाले. त्यांच्या सुनेने मला टॉवेल दिला, आलं घातलेला चहा दिला, आणि अकराही कागद अंगणात उन्हात ओळीने मांडून प्रत्येकावर एकेक खडा ठेवला.

मी केस पुसत त्या कागदांकडे बघत बसले. एक, एक, एक. शून्य, शून्य, शून्य. मान वर केली तर समोर मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला एक चिंधी बांधलेली दिसली. हिरव्या सुती लुगड्याची, काठासकट फाडलेली, गाठ अगदी घट्ट. आणि मला आठवलं की बापूंच्या पेटीला अशीच जांभळी होती. त्या आजींच्या विहिरीवर पिवळी. मला वाटलं होतं, असेल काही नवसाचं.

"सर," मी भूषण सरांना हाक मारली, "ही चिंधी कोणाची?"

ते जवळ आले.

"मॅडम, मोटार भरून झाली की नानांच्या घरून बांधून देतात."

"आणि बापूंकडची?"

"तीही नानांकडचीच."

"म्हणजे हा सगळा..."

"बठ्ठा गावसना एकच माणूस शे," नारायणभाऊ मधेच म्हणाले, जणू हे काय विचारायचं झालं.

सगळ्या गावांचा माणूस एकच, आणि मी अकरा गावांत अकरा माणसं मोजली होती. माझ्या तक्त्यात नावाचा रकानाच नव्हता. मी नारायणभाऊंना जरा चिडूनच विचारलं, की मग हे माणूस लागणार नाही असं का सांगितलंत? नानांचं वय काय?

"असतीन पंच्याहत्तरना."

"मग पाच वर्षांनी?"

नारायणभाऊ खाली बघू लागले. मग हळू आवाजात म्हणाले, "नाना शेतस ना आजून. त्या असताना कागदवर दुसरा माणूस मांगू? त्यासले काय वाटी?"

माझा राग तिथेच विरघळला. मी अकरा गावांना विचारत फिरले होते, की तुमचा नाना गेल्यावर काय करणार? आणि अकराही गावांनी मला जेवू घालून, चहा पाजून सांगितलं होतं, की असलं अभद्र आम्ही बोलणार नाही. एकाने दुसऱ्याला फोन केला नव्हता की काही ठरवलं नव्हतं. आमच्या पुण्याच्या सोसायटीत लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं नाव आजही मला ठाऊक नाही.

परतताना मी भूषण सरांना विचारलं, "तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"मी सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, नोकरीसाठी सांगतोय." गाडी चालवताना ते मागे न बघता म्हणाले. "आणि नाना माझेही नानाच आहेत."

नानांचं घर

नाना ओट्यावर खाटेवर बसले होते. पांढरं धोतर, अंगात जाड स्वेटर, शेजारी कोणाची तरी मोटार. त्यांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर मोटारीवर टेकवला होता आणि त्याची मूठ कानाला लावली होती. आम्हाला हाताने 'थांबा' अशी खूण केली. मग मोटार बंद करायला लावून तिच्या मालकाला म्हणाले, "तार चांगली शे. बेअरिंग गयं." मालक मान डोलावून मोटार घेऊन गेला.

आत स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको, अक्का, दुसरी एक उघडी मोटार मांडीशी घेऊन बसली होती. सत्तरीची किरकोळ बाई. डावा हात तार ओढत होता, उजवा बसवत होता, ओठ हलत होते. आधी मला वाटलं जप चालला आहे. ती वेढे मोजत होती. छप्पन्नावर थांबली, तारेला गाठ दिली आणि मग माझ्याकडे बघून हसली. "या बहीण. हात धुवा. भरीत करेल शे."

कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. मी प्रकाशभाऊंची फणी पुढे केली, ती अक्कांनी देवापाशी ठेवली. जेवताना मी चिंध्यांचं विचारलं. अक्का लाजल्या.

"माले लिखता येत नई. मंग कोनती मोटार कवय भरी ते ध्यानमा कसं ऱ्हाई? लुगडं ध्यानमा ऱ्हास. जांभयं मना भाऊनी आखाजीले देयेल व्हतं. ते फाटनं त्या साल बापूनी मोटार भरी." त्यांनी बोटं मोडत पाच-सहा लुगडी सांगितली, प्रत्येकाच्या मागे माहेर, आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीयेसारखा सण, आणि कोणाकोणाच्या मोटारी. "जोवर चिंधी शे तोवर मोटार मनी. बिघडनी तर परत भरी देवानी."

मोटार मनी. म्हणजे माझी. मी नानांकडे पाहिलं. नानांचे डोळे माझ्याकडे होते, पण माझ्यावर नव्हते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की दोन तासांत या माणसाने ताटातली भाकरीसुद्धा चाचपूनच घेतली होती.

"चार वरीस व्हयनात," अक्कांच्या दिशेने हात करत नाना शांतपणे म्हणाले. "मना डोयासले दिसत नई. काम हाई करस. मी फक्त आयकस. गावले म्हाईत शे. कोनी बोलत नई, मीबी बोलत नई."

भूषण सर जमिनीकडे बघत होते. त्यांनाही माहीत होतं.

मग नानांनी विचारलं, "तुमना कागदवर काय लिखेल शे?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी सांगितलं. अकरा गावं. सध्या एक. गरज शून्य. आणि हेही सांगितलं, की असाच कागद गेला तर मार्चमध्ये भूषण सरांचा वर्ग बंद होईल, नऊ मुलांना घरी जावं लागेल.

अक्कांच्या हातातली वाटी तशीच राहिली. मला वाटलं, आपण फार बोललो. मग नाना हात पुढे करून म्हणाले, "एक कोरा कागद द्या. भूषण, तू लिख. मी सांगस."

"सध्या किती माणसं, नाना?" भूषण सरांनी विचारलं.

"दोन."

अक्का एकदम म्हणाल्या, "हाई काय भलतंच!"

"दोन लिख," नाना म्हणाले. "एक बाई, एक माणूस. बाई पहिले लिख."

भूषण सरांनी लिहिलं.

"आणि पाच वर्षांनी?"

"तवय आम्ही नसूत. लिखाले घाबरू नको." नाना चक्क हसले. "दोन गावले एक धर. साडेपाच व्हतस. अर्धा माणूस कोठे भेटी? सहा लिख."

सहा. प्रकाशभाऊंच्या तीसपेक्षा कितीतरी लहान आकडा. पण माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत एवढा जड आकडा मी दुसरा उतरवलेला नाही.

अक्कांनी पदराने डोळे पुसले, मग जरा रागावूनच मला विचारलं, "त्यामा पोरीबी लिखतस का? तार ओढाले ताकत नई लागत. तीन महिनामा हात बसना मना." आणि भूषण सरांकडे न बघता म्हणाल्या, "कोनी बलाव्हं तर शिकाडसू मी."

भूषण सर उठून ओट्यावर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

आम्ही निघताना नाना म्हणाले, "त्या अकरा कागद आठेच ऱ्हाऊ द्या. सकाय मी जास गावसमा. मी सांगस त्यासले." अकराही कागद मी तिथेच, त्यांच्या खाटेवर ठेवले.

धुळे

मला दुसऱ्या दिवशी धुळ्यात बैठक होती, त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही, भूषण सरांकडून ऐकलं. पंच्याहत्तर वर्षांचा, डोळ्यांनी न दिसणारा माणूस भूषण सरांच्या मोटारसायकलवर मागे बसून अकरा गावं फिरला. प्रत्येक घरी चहा घेतला. प्रत्येक ठिकाणी एकच बोलला, की माझं वाईट वाटून घेऊ नका, दोन गावांत मिळून एक नवा माणूस मागा, मी सांगतोय. बापू म्हणे ऐकेनात. शेवटी नानांनी त्यांचा हात धरून पेन टेकवलं. त्या आजी रडल्या आणि मग त्यांनी शून्य खोडलं.

संध्याकाळी धुळ्याच्या स्टँडवर भूषण सर मला गाठायला आले. अंगभर धूळ, शर्टाची इस्त्री पार गेलेली. त्यांनी कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. अकरा गावांचे आणि बारावा नानांचा. त्यांना टाचणी नव्हती. गठ्ठ्याला आडवी एक चिंधी बांधलेली होती, निळ्या सुती लुगड्याची, काठासकट.

"अक्कांनी बांधली," ते म्हणाले. बस लागली होती, मी चढले.

पुण्यात

तक्त्यात नावाचा रकाना मी घातला. ऑफिसात माझ्या सहकाऱ्याने गठ्ठा सोडायला कात्री काढली, तेव्हा मी त्याच्या हातातून ती जवळजवळ हिसकावलीच. गाठ नखांनी सोडवली. अहवालात मी काय लिहायचं ते लिहिलं. वरच्यांनी दोनदा शंका काढली, की अकरा गावांत आधी शून्य आणि मग सहा, हे कसं? मी दोनदा समजावून सांगितलं. मार्च आला आणि गेला. वर्ग बंद झाला नाही. सध्या दोन वर्षांसाठी राहिला आहे.

परवा भूषण सरांचा फोन आला. अक्का आता मंगळवारी आणि शुक्रवारी वर्गात येतात. नानाही येतात, दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि पोरांनी भरलेली मोटार कानाने तपासतात. पहिल्या दिवशी अक्का खूप घाबरल्या होत्या, म्हणे. फळ्यापुढे उभ्याच राहिनात. शेवटी खाली सतरंजीवर बसल्या, नऊ मुलांना भोवती बसवलं, आणि तारेला हात लावण्याआधी एकच गोष्ट सांगितली.

"पुढच्या वेळी येताना," भूषण सर मला मराठीत करून सांगत होते, "प्रत्येकाने आपल्या आईचं एक जुनं सुती लुगडं घेऊन यायचं."

"आणलं का मग पोरांनी?" मी विचारलं.

"नऊच्या नऊ जणांनी आणलं, मॅडम. नऊ रंगांची."